कन्याच्या कानाची झापडं

१९ जुलै, शुक्रवार

ही डायरी दूध सोसायटीनं ह्यांना नव्या सालाला दिलती. नंतर दूधच आटलं, तवा ती पेटीत कोरीच पडून राह्यली. आज काढली. मिसाळ म्याडमनी सांगितलं की पोरगी कोणत्या कोणत्या आवाजाला भेती ते रोज लिहून ठिव. मी सातवी शिकलेली हाय, लिहिता येतं. हो म्हणले. पर हितं मी माझंच लिहिणार अन म्याडमला दावणार न्हाई. कोण म्याडम, कुठली, तिला आमच्या पोरीत काय दिसलं, आपल्याला काय ठाव.

झालं ते असं. उन्हाळ्यापासून आमी जनावराच्या चारा छावणीत हावोत. गावाकडं माणसाला प्यायला पाणी न्हाई तर जनावराला कुठलं. हितं मी, मालक, आत्याबाई म्हंजी माझी सासू, अन आमची कन्या. नाव शिवकन्या, सहा वर्साची. आणिक म्हातारा बैल हौशा अन खोंड भिंगऱ्या. छावणी सोसायटीची हाय, चेरमन भगवानराव. सडकंला लागून फाटक, फाटकाजवळ कडबा तोडायचं कुट्टीचं मशीन. त्याच्या अलीकडं पाण्याचा हौद, मग बाभळ, अन बाभळीच्या लई मागं, पार माळाच्या कडंला आमचं पाल. एवढं लांबचं पाल आमीच मागून घेतलं, कन्यापायी.

कन्याला आवाज सोसत न्हाई. तान्ही असल्यापसून. कुकरची शिट्टी, शाळंतली घंटा, लगनातली हलगी. कानावर हात दाबती अन अशी वरडती की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी डाग दिला. गुरुजींनीच शाळंतून घरी धाडली.

परवा कुट्टीचं जुनं मशीन बिघडलं अन दुसरं आणलं. ते लई मोठ्यानं चालतंय. काल ते सुरू झालं तवा कन्या भिंगऱ्यापशी बसलती. ती वरडली, तिच्या वरडण्यानं खोंड बुजलं, दावं तोडून पळालं, अन शेजारच्या छबुबाईच्या भरल्या घागरी लवंडल्या. टँकरचं पाणी. छबुबाई मातीत जिरणाऱ्या पाण्याकडं बघत नुसती हुबी राह्यली. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग चेरमन आले. ह्यांना म्हणले, जनावराची छावणी हाय ही शहादेव, पुन्हा असं झालं तर तुमचं बिऱ्हाड हलवावं लागंल. ते गेल्यावर आत्याबाई चुलीपशी ह्यांना म्हणल्या, "दिवाळी झाली की ऊसतोडीला जायाचंय. ही असली पोरगी तिकडं कशी न्यायची? कुठं ठिवायची ते बघ."

हे म्हणले, "बघू."

ह्या बघूची मला लई भीती वाटती. काळी गाय इकायच्या आधी बी हे बघूच म्हणले व्हते.

२० जुलै, शनिवार

म्याडमचं राह्यलंच लिहायचं. काल त्या स्कुटीवर आल्या. ज्या लेकरांना शाळंत अडचण हाय त्यांना हुडकत छावण्या छावण्यांनी फिरत्यात म्हणं. कन्या बैलगाडीखाली दडलेली व्हती. म्याडम खाली वाकून बसल्या, पर तिला बाहेर ये म्हणल्या न्हाईत, हात लावला न्हाई. बराच येळ तशाच बसल्या, साडीला शेण लागलं तरी. मला तवाच शक आला. कामाचं माणूस असं बसत न्हाई.

त्यांनी पिशवीतनं एक वस्तू काढली. दोन वाट्या, मऊ गादीच्या, अन त्यांना जोडणारी वाकडी पट्टी. पिवळी. बोअर पाडायच्या गाडीवर माणसं कानाला लावत्यात तसली, पर लहान. म्हणल्या, मशीन सुरू व्हायच्या आधी हिच्या कानावर चढवायचं, बंद झालं की काढायचं. काढायचं इसरू नको.

किंमत इचारली तर न्हाई म्हणल्या. मग मी घाबरले. फुकट देणारा काहीतरी न्यायला येतोच की.

२२ जुलै, सोमवार

आज सगळे हौदावर गेल्यावर मी ती वस्तू माझ्याच कानाला लावून बघितली. बाया, सगळं बंद. छावणी दिसत व्हती पर आवाज न्हाई. बैल तोंड हालवायलेत, बाई हात हालवायलीय, समदं चितरासारखं. अन मग आतून एक आवाज यायला लागला, दूर कुठं पाणी वाहावं तसा. माझंच रगत व्हतं ते. मेलेल्या माणसाला असंच वाटत असंल. झटकन काढली.

असली वस्तू लेकराच्या कानाला लावावी का?

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं बी न्हाई. छबुबाई मातर हसली. म्हणली, "बुजऱ्या बैलाच्या डोळ्याला झापडं लावत्यात, तू पोरीच्या कानाला लावणार व्हय गं मनकर्णा?"

घागरीचं इसरली न्हाई ती.

२५ जुलै, गुरुवार

लावली.

मशीन सुरू व्हायच्या आधी कन्याला मांडीवर घेतलं अन वाट्या कानावर चढवल्या. ती हातानं काढंल वाटलं. न्हाई काढली. मशीन सुरू झालं तसं तिनं डोळं मोठं केलं, माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. मग माझ्या हातातली भाकर घेऊन खायला लागली.

मशीन चालू असताना माझी लेक भाकर खायली. मी लई रडले. तिला ऐकू न्हाई गेलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आता दिसभर लावूनच ठिवती मी तिला. म्याडम म्हणल्या बंद झालं की काढ, पर ते मला पटंना. मशीन कवा सुरू हुईल काय सांगावं? टँकरवाला कवा हॉर्न वाजवील? जी चीज गुणाची हाय ती काढायची कावून? जेवताना बी असती, निजल्यावर मी हळूच काढून उशाला ठिवती अन ती जागी व्हायच्या आधी परत लावती.

पोरगी गप झालीय. छावणीत कुणाची तक्रार न्हाई. चेरमन परवा पालावरनं गेले, कन्याकडं बघितलं अन काही न बोलता पुढं गेले. न बोलता का गेले ते कळंना.

हे मातर सारखं म्हणायलेत, थोडं काढून ठिवत जा. मी इचारलं, तुमाला कुणी सांगितलं? उठून बैलाला वैरण टाकायला गेले.

५ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी

काहीतरी इपरीत झालंय.

सकाळी तिचं डोकं इंचरायला वस्तू काढली. तेवढ्यात आत्याबाईंच्या हातनं ताटली दगडावर पडली. एवढुशी ताटली. कन्या अशी वरडली की मशीनला बी तशी वरडली न्हवती. आधी ताटल्याबिटल्याला ती कधी भेत न्हवती. मग दुपारी कुणीतरी खोकलं तरी कानावर हात. फणी केसातनं फिरली तरी अंग चोरती. वस्तू लावली की गप.

म्हंजी ह्या वस्तूनंच तिचं कान नासवलं. आता तिच्याबिगर पोरीला जगताच येऊ ने असं काहीतरी हाय त्यात. म्याडमनी आधी सवय लावायची अन मग पोरगीच मागायची, असं असंल का? बीडकडं कुठं वसतिगृह हाय म्हणत्यात, न ऐकणाऱ्या न बोलणाऱ्या लेकरांचं. छबुबाईच्या नात्यातलं एक पोरगं नेलंय तिथं. वर्सातनं एकदा भेटतंय.

आज पंचमीच्या बांगड्या भरल्या न्हाईत. मन न्हवतं. अन बांगड्या वाजत्यात.

८ ऑगस्ट, गुरुवार

म्याडम आल्या. कन्याला बघितलं अन मला सरळ इचारलं, दिसभर असतं का गं हे?

मी म्हणले, न्हाई.

त्या माझ्याकडं बघत राह्यल्या. मग म्हणल्या, अंधाऱ्या खोलीतनं एकदम उन्हात आलं की डोळं दिपत्यात, तसंच कानाचं हाय. बारीक आवाज तिच्या कानाला लागू दे. ताटलीचा, बोलण्याचा, पाखराचा. सगळंच बंद केलंस तर कान आणिक भित्रं हुतील. मोठ्या आवाजापुरतं हे, बाकी येळ मोकळं.

मी मान हालवली. मनात म्हणले, आता परत मागायला आली.

त्यांनी लिहिलेलं इचारलं. मी म्हणले येळच मिळत न्हाई.

जाताना त्या फाटकाबाहेर सडकंवर थांबल्या. हे बी तिथं गेले. छबुबाईनं बघितलं. लई येळ बोलत व्हते म्हणली, अन ह्यांनी मान खाली घालून हो हो केलं म्हणली. मला हे काहीच बोलले न्हाईत. मी बी इचारलं न्हाई. इचारलं की बघू म्हणत्याल.

१२ ऑगस्ट, सोमवार

आता रोज दुपारी हे कन्याला घेऊन जायलेत. भिंगऱ्याला बी नेत्यात. मी म्हणले उन्हाचं कुठं? तर म्हणले पोळा आलाय, खोंडाला आवाजाची सवय लावायची, न्हाईतर तोरणाखाली हलगी वाजली की बुजंल अन माणसं तुडवील. पोरगी कावून मग? ती दावं धरती म्हणले.

खोंडाची सवय खरी हाय. पोळ्याच्या आधी बुजऱ्या जनावराला सगळेच असं फिरवत्यात. आमच्या सिरसाळ्याकडं माझा बाप बी फिरवायचा. पर सहा वर्साच्या पोरीनं दावं धरून काय हुतंय? लेकरू सोबत असलं की माणसाला कुणी काही इचारत न्हाई, म्हणून असंल.

अन परत येताना वस्तू तिच्या कानाला नसती. ह्यांच्या गळ्यात असती.

१४ ऑगस्ट, बुधवार

मी कन्याला जवळ घेऊन इचारलं, बापू तुला कुठं नेतो?

म्हणली, "सांगायचं न्हाई."

मी गूळ दिला. खडा तोंडात टाकला अन म्हणली, "काल बाभळीच्या अलीकडं. आज बाभळीपस्तोर."

"तिथं काय करता?"

"हुबं राहतो."

"मग?"

"मग परत येतो."

बाभळीपशी हुबं राहून काय करायचं असतंय? बाभळीच्या फुडं हौद, मग फाटक, मग सडक. एक एक टप्पा सडकंकडं चाललेत. पोरीच्या मनातली भीती मोडायची अन एक दिस गाडीत बसवायची, असं तर न्हाई? कळतंय मला. जनावर बाजाराला न्यायचं असलं की आधी रस्त्याची सवय लावत्यातच.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज म्हणली हौदापस्तोर.

केसात कुट्टीचा भुस्सा व्हता. मी झाडला. ती आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठिवून निजली, कानावर काही नसताना. आत्याबाई भांडी घासायच्या थांबल्या अन तशाच राह्यल्या, राखेचं हात वर धरून. मला वाटलं जाणार म्हणून माया करायल्यात.

छबुबाई आज पाणी मागायला आली. मी दिलं. जाताना म्हणली, पोरगी बरी दिसायली बरं का. तिच्या तोंडून चांगलं आलं की मला धाकच वाटतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

वस्तू दडवली. अंथरुणाच्या वळकटीत, पार आत.

दुपारी ह्यांनी हुडकली. पेटीत, गाडीत, चुलीमागं. मी पीठ मळत बसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मला वाटलं आता हात उचलत्याल. न्हाई. म्हणले, "बरं." अन तिला तशीच घेऊन गेले.

मशीन सुरू झालं तसा कन्याचा वरडण्याचा आवाज आला, तिकडून, हौदाच्या बाजूनं. मी पीठ टाकून पळाले. तवर ते परतच येत व्हते. ह्यांनी तिला खांद्यावर घेतलं व्हतं, एक कान छातीला दाबलेला, दुसऱ्या कानावर तळहात. भिंगऱ्या मागं मागं, दावं जमिनीवर लोळत. कुणीच धरलं न्हवतं.

ह्यांनी पाण्याचा तांब्या बी मागितला न्हाई. मला वाटलं व्हतं मी जिंकले. तसं काही वाटंना.

तरी वस्तू काढून दिली न्हाई.

२४ ऑगस्ट, शनिवार

वस्तू न्हाई तरी जायलेतच. आता बाभळीच्या अलीकडंच थांबत्यात वाटतं, कन्या काही सांगत न्हाई. गुळाला बी फसत न्हाई.

आज पालामागं लाकडं फोडताना ऐकलं. आत्याबाई इचारायल्या, "पोळ्यापस्तोर हुईल का रं?"

हे म्हणले, "झालं असतं. आता अवघड हाय. बघू."

पोळ्यापस्तोर. म्हंजी पोळ्याचा दिस ठरलाय. सगळी छावणी फाटकापशी असणार, मला पुरणाच्या नादाला लावणार, अन तेवढ्यात पोरगी. म्याडमची स्कुटी न्हाईतर जीप. आत्याबाईंना बी सगळं ठाव हाय.

२८ ऑगस्ट, बुधवार

ठरवलं. त्यांच्या आधी मीच निघायचं. पोळ्यादिशी सकाळी, हे बैल धुयाला गेले की कन्याला घ्यायचं अन सडकंवरनं सिरसाळ्याची गाडी धरायची. बाप ठिवील का न्हाई काय ठाव. भाऊ ठिवील, भावजय न्हाई ठिवणार. ते तिथं गेल्यावर बघता येईल.

दोन लुगडी, कन्याचं फ्रॉक, भाकरी, अन वस्तू. गठुडं बांधून ठिवलं. वस्तूचा राग येतो पर मशीनजवळनं जायाचंय, तिच्याबिगर पोरगी फाटक वलांडणार न्हाई.



३० ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

आता सांजचं लिहायले. कसं लिहावं ते कळंना, जसं झालं तसं लिहिते.

सकाळी हे दोन्ही बैल घेऊन गेले. आत्याबाई पुरण शिजवायल्या. त्यांना म्हणले, पोरीला परसाकडं नेते. गठुडं पदराखाली. माळाच्या कडंकडंनं चालत आमी बाभळीपस्तोर आलो, अन मशीन सुरू झालं. सणाचं म्हणून लवकर लावलं असंल, मला ठाव न्हवतं. वस्तू अजून गठुड्यातच.

मी गाठ सोडायला लागले, ती सुटंना. मग मी कन्याचा दंड धरून तिला वढायला लागले, लवकर लवकर फाटकापार न्यावं म्हणून. ती हुबीच. पाय रोवून. मला वाटलं आता वरडंल अन सगळी छावणी धावंल.

ती वरडली न्हाई. तिनं दोन्ही तळहात कानावर ठिवले. डोळं मिटलं न्हाई, मशीनकडंच बघत व्हती. मग बोटं थोडी ढिली केली. तोंड वाकडं झालं, परत दाबली. परत ढिली. मला ते काय हाय ते कळंना, मी आणिक वढलं.

"वढायचं न्हाई," ती म्हणली. मोठ्या माणसासारखं. "भिंगऱ्याला बी वढायचं न्हाई. तो आधी थांबतो, मग येतो."

मी दंड सोडला.

ती थांबली. मग आपणच चार पावलं पुढं गेली. परत थांबली. हौदापशी आल्यावर माझ्याकडं हात केला अन म्हणली, "आता माझं दे." मी दातानं गाठ सोडली. तिनं वाट्या आपल्या हातानं चढवल्या, डावी नीट बसली न्हाई तर काढून परत चढवली, अन चालत मशीनपशी गेली. हात लांब केला तर लागंल एवढ्या जवळ.

तिथं हे हुबे व्हते, धुतलेल्या भिंगऱ्याला धरून. मशीनवाला कडब्याची पेंढी टाकता टाकता वरडून म्हणला, "शहादेवा, आज तुझी जोडी फुटली व्हय? मला वाटलं एकच बुजरं आलं, दुसरं घरीच राह्यलं." अन कन्याला बघून त्यानं मशीन जरा हळू केलं. न सांगता केलं. म्हंजी रोजचंच व्हतं त्याचं.

ह्यांची नजर गठुड्यावर गेली.

"कुठं निघालीस?"

"सिरसाळ्याला."

"सणाचं? कावून?"

मी म्हणले, "तुमी तिला वसतिगृहात टाकायच्या आधी."

हे भिंगऱ्याच्या मानंला खाजवत राह्यले. मग म्हणले, "कुणी सांगितलं तुला?"

कुणीच न्हाई. ते मला तवा हुबं राहूनच कळलं. कुणीच सांगितलं न्हवतं.

"ऊसतोडीला संगं न्यायचीय तिला," हे म्हणले. "तिकडं रात्रंदिस टेक्टर असत्यात. हितं सवय लागली तर तिकडं निभंल. म्याडम म्हणल्या, लांबनं सुरू करा, थोडं थोडं जवळ, अन तिला नको असलं की लगीच मागं. मी म्हणलं, हे तर आमी खोंडाला करतोच."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू ते तिच्या कानावरनं काढू दिलं असतंस?"

न्हाई दिलं असतं. खरं हाय ते. तरी मला ह्यांचा लई राग आला. अजून हाय. माझ्या पोरीला शिकवायचं अन मलाच चोरून. मी म्हणले, आईला चोर ठरवून कोण शिकवतं? तर म्हणले, मग ते कुणी दडवलं? कन्या आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघत व्हती, तिला काहीच ऐकू येत न्हवतं, बरं झालं.

दुपारी फाटकाला आंब्याच्या पानाचं तोरण बांधलं. बैलांच्या अंगावर झुली न्हवत्या, जुनी लुगडीच टाकली व्हती, पर शिंगं रंगवली. मानाचा बैल चेरमनचा, तो पुढं, त्यानं तोरण तोडलं की बाकीचे आत. आमचा भिंगऱ्या मधी कुठंतरी, कन्या ह्यांच्या बोटाला, कानावर पिवळ्या वाट्या. छबुबाई शेजारणीला काहीतरी म्हणली अन दोघी हसल्या. मग हलग्या सुरू झाल्या. तीन हलग्या अन एक डफ. कुट्टीच्या मशीनचा आवाज एकसारखा असतो, हलगीचा तसा न्हाई, तो अंगावर येतो.

कन्या थरथरली. मला दिसलं. वाट्यांवरनं तिनं परत हात दाबले. तोरण तुटायचं व्हतं अजून. चेरमन वळून बघायलेले. मी गर्दीतनं पुढं घुसले, तिला उचलून पळायचं म्हणून.

तिनं बापूचं बोट सोडलं. त्याच्या धोतराला दोनदा वढलं, हातानं मागं आमच्या पालाकडं दावलं, अन वळली. एकटी. शिंगं रंगवलेल्या बैलांच्या मधनं, धावता न धावता, पालाकडं चालत गेली. एकदा बी वरडली न्हाई. भिंगऱ्यानं कान हालवले अन जागच्या जागी हुबा राह्यला.

मी तिच्या मागं निघाले तर ह्यांनी माझा हात धरला.

"जाऊ दे. तिला ठाव हाय कवा जायाचं."

एवढ्या माणसात हात धरला. लाज न्हाई. मी हुबी राह्यले. तोरण तुटलं, बैल आत शिरले, हलग्या वाजतच व्हत्या. मला हलगी लई आवडायची, कन्या व्हायच्या आधी. सहा वर्सांनी आज शेवटपस्तोर ऐकली.

चेरमन जाताना ह्यांना म्हणले, खोंड चांगलं राह्यलं बरं का. पोरीचं नाव काढलं न्हाई. बरं म्हणावं का वाईट, अजून ठरंना.

पालात आत्याबाई कन्याला पुरणाची पोळी चारत व्हत्या. दुधाबिगरची. ताटली जमिनीवर न ठिवता पदरावर ठिवली व्हती, वाजू ने म्हणून. एवढं गोड वागायल्यात. दिवाळीनंतर ऊसतोडीला कन्याला नेणार का, असं मी त्यांना सरळच इचारलं. म्हणल्या, मग काय हितं ठिवतीस? जसं काही मीच म्हणले व्हते ठिवायचं.

३१ ऑगस्ट, शनिवार

गठुडं सोडलं. भाकरी बैलांना घातल्या.

म्याडम आल्या. मी त्यांना सांगून टाकलं, की दिसभर लावत व्हते, तुमी इचारलं तवा खोटं बोलले. त्या रागवल्या न्हाईत. म्हणल्या, बहुतेक आया असंच करत्यात. मग ह्यांच्याशी बोलायला गेल्या, अन या टायमाला मी बी संगं गेले, सगळं ऐकलं. वसतिगृहाचं नाव बी निघालं न्हाई. मी दोन डाव इचारून घेतलं.

सकाळची एक गोष्ट. मशीन सुरू झालं तवा कन्या पालापुढं मातीची बैलं करत बसलती. वस्तू आत टांगलेली. मी धावत जाऊन मागनं तिच्या कानावर हात ठिवले, दोन्ही. रोजची सवय.

ती थोडी दचकली, आवाजानं का माझ्यानं कुणास ठाव. मग चिखलानं भरलेल्या बोटांनी तिनं माझा एक हात काढला. मग दुसरा. मान वाकडी करून मशीनकडं कान दिला, कपाळाला आठ्या घातल्या, अन परत बैलाचं शिंग वळायला लागली.

मी तिच्या मागं बसून राह्यले. हात मांडीवर ठिवले, मग पदरात घेतले, मग परत मांडीवर. कुठं ठिवावे ते सुचंना.